सरोवर झाकणारी भिंत

'सरोवराकाठचा आलिशान व्हिला, रचना जगप्रसिद्ध आर्किटेक्टची.' अशा घराच्या विक्रीची बातमी अधूनमधून झळकते आणि तिच्यासोबतचे फोटो जणू एकाच कॅमेऱ्यातून निघालेले असतात. जमिनीपासून छतापर्यंत काच, काचेपलीकडे निळं पाणी, त्या पाण्यातच मिसळून गेल्यासारखा पोहण्याचा तलाव, आणि कुणीच न बसलेल्या दोन खुर्च्या. किंमत बहुधा छापलेली नसते. वाचणाऱ्याच्या मनात मात्र एक साधा प्रश्न येतो. पाणी निसर्गाचं, डोंगर निसर्गाचे, काच कारखान्याची. मग त्या आर्किटेक्टने नेमकं केलं काय?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला मी मुद्दाम अशा एका घरात नेणार आहे, जे या जाहिरातींत कधीच बसलं नसतं. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या (तिथले लोक त्याला लेमान म्हणतात) उत्तर काठावर, व्हेवे शहराला लागून कोर्सो नावाचं छोटं गाव आहे. तिथे रस्ता आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर १६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद असं एक बैठं घर आहे. क्षेत्रफळ जेमतेम ६९० चौरस फूट. रेल्वेचा डबा रुळांवरून उचलून पाण्याकाठी आणून ठेवावा, तसं दिसतं. नाव 'व्हिला ल लाक', म्हणजे सरोवराचा व्हिला. व्हिला हा शब्द तेवढा त्याच्या वाट्याला आला, आलिशानपणा नाही. १९२३ मध्ये त्याची रचना केली ल कॉर्बुझिएने, म्हणजे पुढे ज्याने चंदीगड आखलं त्यानेच, चुलतभाऊ पिएर झानरेला सोबत घेऊन.

या घराला बाग आहे, आणि बागेला सरोवराच्या बाजूने चांगली पुरुषभर उंचीची भिंत आहे. म्हणजे हौसेने सरोवराकाठी जागा शोधायची, आणि बागेत बसल्यावर सरोवर दिसणार नाही अशी तजवीज करायची! ही भिंत का आहे ते कळलं, की जाहिरातीतले व्हिला वाचता येऊ लागतात. पण थेट भिंतीकडे जाता येणार नाही, वाटेत दोन-तीन थांबे आहेत.

पहिला मोठा व्हिला अंगाशी आला

ल कॉर्बुझिएने आईवडिलांसाठी बांधलेलं हे पहिलं घर नव्हे. १९१२ मध्ये, पंचविशीत, त्याने ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावी त्यांना टेकडीवर एक मोठं पांढरं घर बांधून दिलं होतं. वडील घड्याळाच्या तबकड्यांवर मीनाकाम करणारे कारागीर, आई पियानो शिकवणारी. घर देखणं झालं, पण खर्च त्या दोघांच्या ऐपतीबाहेर गेला. १९१९ मध्ये ते तोट्यात विकावं लागलं. मुलाच्या हौसेपायी म्हाताऱ्यांची पुंजी गेली, असं सरळ म्हणायला हरकत नाही.

त्यामुळे दुसऱ्या खेपेला प्रश्नच बदलला. घर कसं दिसेल, हे बाजूला ठेवून दोन वृद्ध माणसांना दिवसभरात कुठे कुठे जावं लागतं, त्याला किती जागा पुरते, याचा हिशेब झाला. बसण्याची जागा, झोपण्याची, न्हाणीघर, स्वयंपाकघर, कपडे वाळवायची सोय, एखादा पाहुणा आला तर त्याची खाट. हे सगळं एकामागोमाग ओवलं. येण्याजाण्यासाठी वेगळा पॅसेज ठेवला तर ४ मीटर रुंदीत उरणार काय? म्हणून खोल्यांमधूनच वाट काढली. पाहुण्यांची खोली घडी होणाऱ्या पडद्याने वेगळी करता येते, एरवी ती दिवाणखान्यातच जमा असते.

आणि मग खरी गंमत. बहुतेक वेळा आधी जमीन घेतली जाते आणि मग तिच्यावर नकाशा बसवतात. इथे नकाशा आधी तयार झाला आणि तो खिशात घालून जागेची शोधाशोध झाली. अटी मोजक्याच होत्या: दक्षिणेला तोंड, समोर पाणी, पलीकडे डोंगर. हातमोजा आधी विणून मग त्याला बसणारा हात शोधावा, तसा हा प्रकार. ऐकायला उलटा वाटतो खरा, पण त्यातून एक गोष्ट उमगते. आर्किटेक्टच्या कामाचा मोठा भाग जमीन बघण्याआधीच संपलेला असू शकतो, कारण तो भाग माणसाच्या दिवसाबद्दल असतो.

११ मीटरची खिडकी

घराच्या दक्षिण बाजूला एकच सलग आडवी खिडकी आहे, ११ मीटर लांब. अशा खिडकीला 'रिबन विंडो' म्हणतात, आपण तिला पट्टीखिडकी म्हणू. आज ती कुठल्याही ऑफिसच्या इमारतीत दिसते, म्हणून तिचं अप्रूप वाटत नाही. १९२३ मध्ये ती बंडखोरी होती.

का, ते बघू. जुन्या घरात छताचं ओझं भिंती पेलतात. भिंतीला भोक पाडलं की वरचं ओझं त्या भोकाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरवावं लागतं. म्हणून जुन्या खिडक्या उभ्या आणि अरुंद असतात, दोन खिडक्यांच्या मध्ये भिंतीचा जाड भाग असतो. काँक्रीटची तुळई आणि बारीक खांब आले तसं हे ओझं भिंतीच्या डोक्यावरून उतरलं. ज्या भिंतीवर भारच नाही तिला आडवी कितीही कापा. तंबूसारखंच समजा. तंबू उभा असतो तो काठ्यांवर, कापडाला खिडकी कुठेही पाडता येते.

यावरून त्या काळी जोरदार वाद झाला. ल कॉर्बुझिए ज्याच्या हाताखाली शिकला, तो ओग्युस्त पेरे हा काँक्रीटचा मोठा जाणकार, पण खिडकी उभीच हवी यावर ठाम. त्याचं म्हणणं असं की उभी खिडकी माणसाच्या आकाराची असते. तिच्यात पायाशी जमीन दिसते, समोर झाडं, वर आकाश, म्हणजे अंतराचा अंदाज येतो. आडवी खिडकी मधलाच तुकडा कापून दाखवते. ल कॉर्बुझिएने उलट कॅमेऱ्यात किती वेळ उजेड घ्यायचा हे सांगणाऱ्या छायाचित्रकारांच्या तक्त्यांचा दाखला दिला. तेवढ्याच काचेच्या आडव्या खिडकीने खोलीत उजेड जास्त सारखा पसरतो आणि फोटोला वेळ कमी लागतो, असा त्याचा युक्तिवाद होता. मला विचाराल तर दोघंही बरोबर होते. पेरे दृश्याबद्दल बोलत होता, ल कॉर्बुझिए उजेडाबद्दल. आणि बागेतली भिंत बघितली की वाटतं, पेरेचं म्हणणं शिष्याने मनात कुठेतरी मान्य केलं होतं.

उजेडाचा हिशेब आपणही करू शकतो. हे ठिकाण साधारण ४६.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही तिथे सूर्य क्षितिजापासून फक्त २० अंश वर असतो, जूनमध्ये ६७ अंश. खिडकीची वरची कड २ मीटर उंच धरली, तर हिवाळ्यात दुपारचं ऊन सुमारे साडेपाच मीटर आत शिरू शकतं. घराची रुंदी ४ मीटर, म्हणजे ते मागच्या भिंतीवर चढतं. उन्हाळ्यात तेच ऊन एक मीटरही आत येत नाही. थंडीत हवं तेव्हा ऊन घरभर, उकाड्यात ते उंबऱ्याशी. याला ना मोटर लागते ना वीज. फक्त घर बारीक ठेवायचं आणि तोंड दक्षिणेला करायचं.

त्यात समोर पाणी. कोर्सोच्या पश्चिमेला लावोच्या द्राक्षमळ्यांचे दगडी टप्पे सुरू होतात. तिथे म्हण आहे की इथल्या वेलींना तीन सूर्य मिळतात: एक आकाशातला, दुसरा सरोवरातून परतणारा, तिसरा दगडी बांधांत साठून रात्री बाहेर पडणारा. शिवाय पाणी हा उष्णतेचा दांडगा साठा. एक किलो पाणी एक अंशाने तापवणाऱ्या उष्णतेत एक किलो दगड जवळपास पाच अंशांनी तापतो. जिनिव्हा सरोवर सुमारे ५८० चौरस किलोमीटरचं आणि सगळ्यात खोल जागी ३१० मीटर. असा शेजारी उन्हाळ्यात सावकाश तापतो, थंडीत सावकाश निवतो, आणि काठच्या हवेचे टोकाचे चढउतार बोथट करतो.

मग भिंत कशाला?

आता भिंतीशी पोचलो. ल कॉर्बुझिएचं म्हणणं होतं की चारी बाजूंनी, सतत, सगळंच दिसणारं दृश्य शेवटी थकवतं. थोड्या दिवसांनी ते दिसेनासंच होतं. म्हणून क्षितिज आधी झाकायचं आणि मोजक्या जागी उघडायचं.

हा लहरीपणा नाही, हे अंगावरच्या कपड्यावरून कळेल. सकाळी घालताना कापडाचा स्पर्श जाणवतो, पाच मिनिटांनी जाणवत नाही. ज्यात बदल नाही ते मेंदू गाळून टाकतो. काचेच्या भिंतीतून २४ तास दिसणाऱ्या सरोवराचं हळूहळू हेच होतं. त्या जाहिरातीतल्या दोन खुर्च्या रिकाम्या का, याचं उत्तर मला इथे सापडतं.

बागेतल्या भिंतीत चौकोनी खिडकी आहे. फक्त कापलेला चौकोन, काच नाही. तिला टेकून काँक्रीटचं साधं टेबल. एरवी बाग म्हणजे छत नसलेली खोली: भिंती, झाड, सावली. टेबलाशी बसलात की मात्र चौकोनातून सरोवर आणि पलीकडचे डोंगर असे समोर येतात, जणू कुणी फोटो चौकटीत घालून टांगला आहे. इथे अंतराचं मोजमापही मिळतं. जवळ काहीच नसेल तर दूरची वस्तू किती दूर आहे हे डोळ्याला कळत नाही. भिंतीची कड, टेबलाची पाटी ही जवळची खूण झाली, त्यामुळे पाण्याचा विस्तार कळला. पेरेचा मुद्दा तो हाच.

हीच युक्ती श्रीलंकेत वेगळ्या ढंगाने दिसते. जेफ्री बावाचं लुनुगंगा हे घर बेंतोटाजवळ देद्दुवा सरोवराच्या काठी आहे. १९४८ मध्ये जागा घेतली तेव्हा तो वकील होता, आर्किटेक्ट नंतर झाला, आणि ही बाग घडवण्यात त्याचं उरलेलं आयुष्य गेलं. घरासमोरच्या टेकडीचा माथा त्याने उतरवला, झाडं विरळ केली, म्हणजे पलीकडचं पाणी आणि दूरवरचा पांढरा स्तूप दिसू लागला. मग मधल्या उतारावर, झाडाखाली, एक भलामोठा रांजण ठेवला. नजर घरातून निघते, रांजणाशी थांबते, मग पाण्यावर जाते. एका रांजणाने दूरच्या देखाव्याला मधला मुक्काम दिला.

अमेरिकेतली फ्रँक लॉइड राइटची गोष्ट तर यापुढची. पेन्सिल्व्हानियातल्या काउफमन कुटुंबाला आपल्या आवडत्या धबधब्यासमोर सुट्टीचं घर हवं होतं, तो बघत बसता यावं म्हणून. राइटने १९३५ मध्ये घर आखलं ते धबधब्याच्या वरच. आत बसून धबधबा दिसत नाही, तो चोवीस तास ऐकू येतो. 'फॉलिंगवॉटर' या नावाने ते घर जगभर गाजलं. मालकांना जे बघायचं होतं ते त्यांच्या पायाखाली गेलं, आणि त्यांची त्याबद्दल फार तक्रार नव्हती.

पाणी वरून दिसतं, रेटतं मात्र खालून

देखाव्याबद्दल पुष्कळ बोललो. सरोवराकाठच्या घरात खरा पैसा आणि खरी अक्कल जिथे खर्च होते ती जागा फोटोत कधीच येत नाही, कारण ती जमिनीखाली असते.

काठाजवळची जमीन थोडी खणली की पाणी लागतं. जमिनीतल्या पाण्याच्या या वरच्या पातळीला भूजलपातळी म्हणतात, आणि काठावर ती सरोवराच्या पातळीबरोबर वरखाली होते. आता बादलीभर पाण्यात रिकामं पातेलं दाबून बघा. हात वर फेकला जातो. पातेल्याने जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा त्याला वर ढकलतो. हा आर्किमिडीजचा नियम आपण शाळेत पाठ केला आणि विसरलो. तळघर म्हणजे जमिनीत दाबलेलं रिकामं पातेलंच. ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद तळघराभोवती पाणी फक्त एक मीटर चढलं, तरी १६ घनमीटर पाणी बाजूला सरलं, म्हणजे १६ टनांचा रेटा खालून वर. वरचं बांधकाम हलकं असेल तर ते उचललं जाणार. त्यातही तळघर घराच्या एकाच भागाखाली असेल तर एक भाग वर उठू पाहतो, दुसरा जागेवर राहतो, आणि मधे तडा जातो.

व्हिला ल लाकला असाच तडा गेला. सरोवराची पातळी चढल्यावर पोकळ तळघर होडीसारखं तरंगू पाहत होतं, असं निदान ल कॉर्बुझिएने स्वतःच केलं. म्हणजे विसाव्या शतकातला सगळ्यात नावाजलेला आर्किटेक्ट, आपल्या सख्ख्या आईवडिलांचं घर, आणि चूक नववीच्या पुस्तकातली. पुढे भिंती पत्र्याने मढवाव्या लागल्या: १९३० च्या दशकात रस्त्याकडची बाजू जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याने, नंतर सरोवराकडची ॲल्युमिनियमने. आज पाण्याकडून घराला जी चंदेरी झळाळी दिसते आणि पाहुणे जिचे फोटो काढतात, ती मुळात मलमपट्टी आहे.

सरोवराची पातळी चढते-उतरते कशी, हाही भाग बघण्यासारखा. ऱ्होन नदी एका टोकाने सरोवरात येते आणि जिनिव्हा शहरातून बाहेर पडते. बाहेर पडण्याच्या त्या तोंडाशी दरवाजे आहेत, आणि पातळी किती ठेवायची याचा करार जिनिव्हा, व्हो आणि व्हाले या तीन प्रांतांत १८८४ मध्ये झाला. उन्हाळ्यात बर्फ वितळून येणारं पाणी सामावून घ्यायला हिवाळ्याच्या शेवटी पातळी उतरवतात. दर लीप वर्षी ती जरा जास्तच खाली नेतात, म्हणजे धक्के आणि काठाच्या भिंतींची डागडुजी करता येते. म्हणजे सरोवराकाठी घर घेणारा माणूस नुसतं पाणी विकत घेत नाही, दूरच्या शहरातल्या दरवाज्यांचं वेळापत्रकही त्याच्या पायाखाली येतं.

उपाय आहेत, आणि ते सगळे महाग आहेत. घराचा तळ जाड काँक्रीटचा करून वजन वाढवा, किंवा खोल खडकात नांगरल्यासारखे खांब रोवून घर खाली ओढून धरा, नाहीतर तळघराचा मोह सोडून घर जमिनीपासून उचला. जाहिरातीतल्या त्या पोहण्याच्या तलावाचंही असंच आहे. भरलेला असतो तोवर तो आपल्याच वजनाने बसलेला असतो. सफाईसाठी रिकामा केला आणि भूजल वर असलं, तर अख्खी टाकी जमिनीतून वर येऊ शकते. म्हणून अशा तलावाच्या तळाशी झडप बसवतात. बाहेरचा दाब वाढला की ती उघडते आणि पाणी आत येऊ देते. तलाव घाण झाला तर चालेल, उखडता कामा नये.

घर उचलण्याचा उपाय मीस व्हॅन डेर रोह या आर्किटेक्टने केला. इलिनॉयमध्ये फॉक्स नदीच्या काठी, डॉ. ईडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी त्याने १९५१ मध्ये पोलाद आणि काचेचं घर पूर्ण केलं. जमिनीपासून सुमारे १.६ मीटर उंच, पांढऱ्या खांबांवर. पुराचा अंदाज घेऊनच ही उंची ठरली होती. तीनच वर्षांत, १९५४ मध्ये, पाणी घरात शिरलं. १९९६ च्या पुरात काचा फुटल्या, २००८ मध्ये पुन्हा पाणी आत आलं. नदीच्या वरच्या अंगाला वस्ती आणि रस्ते वाढले, पावसाचं पाणी जमिनीत मुरायचं कमी झालं, आणि १९४० च्या दशकातला अंदाज जुना पडला. काठाची जोखीम घर बांधताना ठरते आणि तिथेच थांबते, असं समजण्यात अर्थ नाही.

नावाजलेल्या आर्किटेक्टांची घरं गळतात, हे खरं का?

बरंचसं खरं. पॅरिसजवळचा ल कॉर्बुझिएचा व्हिला सावॉय १९३१ मध्ये पूर्ण झाला आणि पहिल्या पावसापासून गळला. मालकीणबाईंनी वर्षानुवर्षं तक्रारीची पत्रं लिहिली. फॉलिंगवॉटरचे पाण्यावर झेपावलेले सज्जे हळूहळू इंचाइंचाने खाली वाकले आणि २००२ मध्ये पोलादी तारांनी ताणून धरावे लागले. डॉ. फार्न्सवर्थ आणि मीस यांचं भांडण तर पैशांवरून कोर्टात गेलं, आणि बाई हरल्या. घरात सगळीकडून काच, त्यामुळे सिंकखाली कचऱ्याचा डबाही ठेवता येत नाही कारण तो रस्त्यावरून दिसतो, अशी त्यांची एक तक्रार होती. काचेच्या घरावर आजवर झालेल्या टीकेत मला हीच सगळ्यात नेमकी वाटते.

यामागे एक कारण आहे, ते बचाव म्हणून नव्हे, समजून घ्यायला म्हणून सांगतो. उतरतं कौलारू छप्पर शेकडो वर्षांत लाखो घरांवर चुका होत होत सुधारलं. सपाट छप्पर, कोपऱ्यावरची काच, अधांतरी सज्जा हे ज्याच्या घरी पहिल्यांदा होतं, त्याच्या घरी चुकाही पहिल्यांदा होतात. त्या चुकांचं शुल्क मालक भरतो आणि शहाणपण पुढच्यांना फुकट मिळतं. फक्त आर्किटेक्टने हे आधी स्पष्ट सांगायला हवं होतं. बहुतेकांनी नाही सांगितलं, आणि त्याला बेफिकिरीशिवाय दुसरं नाव नाही.

मग एवढी किंमत कशाची?

मोठा हिस्सा काठाचा, आणि काठ वाढत नाही. स्वित्झर्लंडचं उदाहरण घेऊ, कारण तिथे कायद्याने हे आणखी घट्ट केलं आहे. १९७९ च्या जमीननियोजन कायद्याचं एक तत्त्वच असं आहे की सरोवर आणि नद्यांचे काठ मोकळे ठेवावेत, लोकांना तिथे जाता यावं. १९८३ चा एक कायदा परदेशांत राहणाऱ्यांना घरं विकत घेण्यावर बंधनं घालतो. २०१२ मध्ये सार्वमताने ठरलं की ज्या गावात एकूण घरांच्या २० टक्क्यांहून अधिक घरं फक्त सुट्टीसाठीची आहेत, तिथे अशी नवी घरं बांधायची नाहीत. थोडक्यात, काठावर जी घरं आधीच उभी आहेत त्यांच्यात भर पडणं जवळपास थांबलेलं आहे. रांग तेवढीच, खुर्च्या ठरलेल्या.

उरलेला हिस्सा नावाचा. फार्न्सवर्थ घर बांधायला सुमारे ७४ हजार डॉलर लागले होते, २००३ च्या लिलावात ते सुमारे ७५ लाख डॉलरना गेलं. पूर येणारं, खासगीपण नसलेलं, एका खोलीचं घर! घेणारे होते वारसा जपणाऱ्या संस्था, त्यांना तिथे राहायचं नव्हतं. नावाचा हा भाव चित्राच्या भावासारखा असतो, त्याचा राहण्याच्या सोयीशी संबंध थोडा. शिवाय असं घर एकदा संरक्षित ठरलं की खिडकीची चौकट बदलायलाही परवानगी लागते. म्हणून 'रचना अमुक आर्किटेक्टची' असं वाचलं की दोन गोष्टी विचाराव्यात: घर संरक्षित यादीत आहे का, आणि त्या आर्किटेक्टने स्वतः काय केलं. पुष्कळदा मोठं नाव पहिल्या चार रेखाटनांपुरतं असतं, आणि सूर्य कुठून येतो हे बघायला कुणी जागेवर गेलेलंच नसतं.

तरीही, ६९० चौरस फुटांना जागतिक वारसा?

हे घर झालं तेव्हा शेजारच्या एका गावच्या नगरपरिषदेने ते निसर्गाविरुद्धचा गुन्हा ठरवून तसं पुन्हा कुणी बांधू नये असा ठराव केला, असं ल कॉर्बुझिएने लिहून ठेवलं आहे. १९६२ मध्ये त्याच घराला संरक्षण मिळालं. २०१६ मध्ये युनेस्कोने ७ देशांतल्या त्याच्या १७ कामांना एकत्र वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात हे आहे, गळका व्हिला सावॉय आहे आणि चंदीगडचं कॅपिटॉल संकुलही आहे.

कारण असं की पुढे जगभर पसरलेल्या गोष्टी इथे अगदी छोट्या मापात पहिल्यांदा एकत्र आल्या. ल कॉर्बुझिएने १९२७ मध्ये नव्या वास्तुरचनेची पाच सूत्रं मांडली. त्यांपैकी तीन या घरात चार वर्षं आधीच आहेत: पट्टीखिडकी, गच्चीवरची बाग, आणि भिंतींच्या ओझ्यातून सुटलेला मोकळा आराखडा. गच्चीवर माती आहे, गवत उगवतं, आणि ते खालच्या काँक्रीटला उन्हापासून आणि थंडीपासून वाचवतं. आज ज्याला आपण मोठ्या कौतुकाने 'हिरवं छप्पर' म्हणतो, ते इथे १९२४ पासून आहे.

वडिलांना हे घर फार लाभलं नाही, ते १९२६ मध्ये गेले. आई मात्र १९६० पर्यंत, वयाच्या नव्वदीतही, इथेच राहिली. नंतर ल कॉर्बुझिएचा संगीतकार भाऊ आल्बेर १९७३ पर्यंत. तडा गेलेलं, पत्रा ठोकलेलं हे घर जवळपास पन्नास वर्षं एकाच कुटुंबाने वापरलं. आईच्या कुत्र्यासाठीही रस्त्याकडच्या भिंतीत एक छोटं भोक आहे, येणाऱ्याजाणाऱ्यांवर भुंकता यावं म्हणून. दृश्य मोजून द्यायचं ठरल्यावर कुत्र्यालाही त्याचा वाटा मिळाला.

चंदीगडला सुखना तलाव १९५८ मध्ये बांध घालून तयार झाला. त्याच्या काठी घरांची रांग नाही, चालण्यासाठी लांब वाट आहे. बांधावर वाहनं नकोत आणि पाण्यात मोटारबोटी नकोत, असा ल कॉर्बुझिएचा आग्रह होता. पिएर झानरे त्या शहराच्या कामासाठी चौदा वर्षं तिथेच राहिला. तो १९६७ मध्ये जिनिव्हात वारला, सरोवराच्या काठीच. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा मात्र भारतात आणून सुखनाच्या पाण्यात सोडली.